फ्रीजचा टेम्परेचर सेन्सर बिघडला आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती मुख्यतः डबल डोअर फ्रॉस्ट-फ्री फ्रीजसाठी आहे, म्हणजे ज्यात बर्फ आपोआप वितळतो आणि थंड हवा पंख्याने फिरते. सिंगल डोअर फ्रीजसाठी पुढे एक स्वतंत्र प्रश्न घेतला आहे.

सेन्सर म्हणजे नेमका कोणता भाग? तो आणि थर्मोस्टॅट एकच का?

नाही. थर्मोस्टॅट हा यांत्रिक स्विच असतो. तो कॉम्प्रेसरचा २३० व्होल्टचा प्रवाह स्वतः चालू-बंद करतो. सेन्सर फक्त खबर देतो. शेंगदाण्याएवढ्या प्लास्टिकच्या टोपणात बसवलेला एक थर्मिस्टर आणि त्यातून निघालेल्या दोन बारीक तारा, एवढाच तो असतो. गारठा वाढला की त्याचा रोध वाढतो आणि उष्णता वाढली की कमी होतो. पीसीबी, म्हणजे फ्रीज चालवणारा इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, मेकॅनिकच्या भाषेत ‘कार्ड’, हा रोध मोजून तापमान ठरवते आणि कॉम्प्रेसर, पंखा, हीटर यांना हुकूम सोडते. सेन्सरवर सहसा ५ व्होल्ट किंवा त्याहून कमी दाब असतो.

असे सेन्सर किती असतात आणि कुठे?

साधारण तीन. एक खालच्या कप्प्यात, मागच्या किंवा बाजूच्या भिंतीवर जाळीदार झाकणाआड. दुसरा फ्रीजरमध्ये. तिसरा डीफ्रॉस्ट सेन्सर, म्हणजे बर्फ वितळवण्यावर लक्ष ठेवणारा, जो फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड गारवा देणाऱ्या कॉइलच्या नळीला क्लिपने अडकवलेला असतो. काही मॉडेलांत बाहेरची हवा मोजणारा चौथा सेन्सर वरच्या बिजागरीच्या झाकणाखाली असतो. गोंधळ बहुतेक वेळा तिसऱ्याचा असतो, कारण रोज गोठणं आणि रोज भिजणं त्याच्याच वाट्याला येतं.

दूध नासतं, की काकडी गोठते? यावरून काही कळतं का?

बरंच कळतं, आणि तपासणी इथूनच सुरू करावी. सेन्सर बिघडला तरी सहसा मनाला येईल तसं सांगत नाही, एकाच दिशेने चुकतो. ती दिशा ओळखली की अर्धं निदान झालं.

पहिली शक्यता अशी की कनेक्टरच्या पिना गंजल्या आहेत किंवा जोड सैल झाला आहे. मग सेन्सरच्या रोधात गंजाचा रोध मिळवला जातो. कार्डाला एकूण रोध जास्त दिसतो, म्हणजे ‘आत पुरेसं गार आहे’ असं वाटतं आणि ते कॉम्प्रेसर लवकर बंद करतं. २५ अंशांना १० किलोओहम असणाऱ्या नेहमीच्या सेन्सरचा रोध ४ अंश सेल्सिअसला साधारण २३ किलोओहम असतो. गंजाचे अवघे २ किलोओहम त्यात मिळाले, तर कप्पा ६ अंशांवर असतानाच कार्ड समाधानी होतं. दूध नासतं, इडलीचं पीठ आंबट होतं, आणि डिस्प्लेवर बिघाडाचा कोड मात्र दिसत नाही. दोन अंशांचा फरक म्हणजे बिघाड, असं कार्डाला कळायला मार्गच नाही.

दुसरी शक्यता म्हणजे टोपणात किंवा जोडात पाणी शिरणं. पाण्यातून दोन तारांमध्ये चोरवाट तयार होते आणि रोध कमी दिसतो. कार्डाला वाटतं की आत गरम आहे, म्हणून कॉम्प्रेसर थांबतच नाही. ही चोरवाट २०० किलोओहमची धरली, तर खालच्या कप्प्यात दोन-अडीच अंशांचा फरक पडतो. फ्रीजरमध्ये सेन्सरचा स्वतःचाच रोध ६० किलोओहमच्या घरात असल्यामुळे तीच चोरवाट फार महागात पडते. उणे १८ अंश झाले आहेत हे कार्डाला पटेपर्यंत फ्रीजर खरोखर उणे २४-२५ वर गेलेला असतो. आइस्क्रीम दगडासारखं होतं, खाली कोथिंबीर आणि काकडी गोठते, वीजबिल वाढतं.

तार पूर्ण तुटली किंवा दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर मात्र कार्डाला ते लगेच कळतं आणि कोड येतो. म्हणजे त्रास देणारे बिघाड बहुतेक बिनकोडाचे असतात.

डिस्प्लेवर कोड आला म्हणजे सेन्सरच गेला, असं समजायचं का?

कोडाचा अर्थ एवढाच की त्या सेन्सरच्या वाटेवर काहीतरी तुटलं किंवा चिकटलं आहे. त्या वाटेत सेन्सर, तार, एक-दोन कनेक्टर आणि कार्ड एवढं सगळं येतं. कोड कंपनीगणिक वेगळे असतात. एलजीच्या अनेक मॉडेलांत ‘एफएस’ म्हणजे फ्रीजरचा, ‘आरएस’ म्हणजे खालच्या कप्प्याचा आणि ‘डीएस’ म्हणजे डीफ्रॉस्टचा सेन्सर. पण ‘एफएफ’ आला तर तो फ्रीजरच्या पंख्याचा. एका अक्षराच्या फरकाने भलताच भाग विकत आणला जातो, म्हणून कोडाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. मॉडेल नंबरचा स्टिकर बहुधा खालच्या कप्प्याच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर असतो.

प्लग काढून दहा मिनिटांनी परत लावल्यावर कोड गेला आणि महिनाभर आला नाही, तर विजेच्या चढउताराने कार्ड गोंधळलं असेल. तासाभरात किंवा दोन दिवसांत परत आला, तर मोजणी करायलाच हवी.

कोड दिसतो आहे, पण फ्रीज गार करतो आहे. चालू ठेवला तर चालेल?

थोडे दिवस चालेल. सेन्सरची खबर बंद झाली की बरीच कार्डं घड्याळावर चालतात, म्हणजे ठरावीक मिनिटं कॉम्प्रेसर चालू आणि ठरावीक मिनिटं बंद. जानेवारीत हे पुरतं, मे महिन्यात पुरत नाही. मात्र कोड डीफ्रॉस्ट सेन्सरचा असेल तर टाळाटाळ करू नका. आठ-दहा दिवसांत मागची कॉइल बर्फाने गच्च होऊ शकते.

घरी सेन्सर कसा तपासायचा?

लागणारं साहित्य: साधा डिजिटल मल्टिमीटर, स्टीलचा पेला, फोडलेला बर्फ, स्क्रूड्रायव्हर.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. दार तासभर उघडं ठेवा, कारण गारठलेलं प्लास्टिक ठिसूळ असतं आणि झाकणाचे खटके हमखास तुटतात. मग झाकण काढून सेन्सर बाहेर ओढा आणि त्याचा कनेक्टर सोडवा. कनेक्टर न सोडवता मोजलं तर कार्डातले रोधही मोजणीत येतात आणि आकडा खोटा मिळतो.

पेल्यात बर्फाचा चुरा गच्च भरा आणि फटी भरतील एवढंच पाणी घाला. नुसत्या गार पाण्याचं तापमान शून्य नसतं, बर्फ आणि पाणी एकत्र असेल तरच ते शून्याला टिकतं. सेन्सर मधोमध बुडवा, अधूनमधून ढवळा आणि पाच मिनिटं थांबा. टोपण बोटांत धरू नका, कारण हाताच्या उबेने आकडा खाली येतो.

मीटर २०० किलोओहमच्या पट्टीवर ठेवा. स्वस्त पिवळ्या मीटरची २० किलोओहमची पट्टी इथे फसवते. आकडा २० च्या वर गेला की नुसता ‘१’ दिसतो, लोकांना वाटतं तार तुटली, आणि चांगला सेन्सर कचऱ्यात जातो.

१० किलोओहमच्या सेन्सरचा आकडा शून्य अंशाला २७ ते ३३ किलोओहमच्या दरम्यान यायला हवा. २५ अंशांना ५ किलोओहम असणारी जातही बाजारात भरपूर आहे, तिचा आकडा १३ ते १७ च्या दरम्यान येतो. आपला सेन्सर कोणत्या जातीचा हे माहीत नसेल तर गुणोत्तर पाहा. बर्फातला आकडा २५ अंशांच्या आकड्याच्या साधारण पावणेतीन ते सव्वातीन पट असावा. आकडा स्थिर राहत नसेल, किंवा मिनिटागणिक घसरत असेल, तर टोपणात पाणी आहे.

खोलीत मोजल्यावर साडेसात किलोओहमच आले. दहा यायला हवेत ना?

दहा येतात ते २५ अंशांना. नागपूर किंवा जळगावच्या उन्हाळ्यात खोलीचं तापमान २५ नसतं. ३२ अंशांना चांगल्या सेन्सरचा आकडा साडेसातच्या आसपासच येतो. म्हणून खोलीतल्या आकड्यावर निकाल देऊ नये, बर्फाच्या पेल्यावर द्यावा.

पेल्यात सेन्सर अगदी बरोबर निघाला, तरी तक्रार कायम आहे. आता?

आता तारेकडे वळा. सेन्सर कनेक्टरला परत जोडा, मागच्या किंवा वरच्या झाकणाखालचं कार्ड उघडा आणि कार्डाकडचा प्लग सोडवून त्या टोकाकडून तोच रोध मोजा. दोन्हीकडचे आकडे जवळपास सारखेच यायला हवेत. कार्डाकडे आकडा जास्त आला तर कनेक्टर गंजलाय, कमी आला तर वाटेत कुठेतरी ओल आहे. मोजताना तार हलवून पाहा, विशेषतः बिजागरीजवळ. आकडा उड्या मारू लागला तर तार आतून तुटलेली आहे.

पिनांवर हिरवट-पांढरी भुकटी दिसली तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि कनेक्टर चार-पाच वेळा काढून घाला. पिना काळ्या पडल्या असतील तर साफसफाई पुरत नाही. तो कनेक्टर कापून थेट जोड द्या.

भिंतीच्या पफमध्ये, म्हणजे आत भरलेल्या फोममध्ये, तार तुटली असेल तर भिंत फोडू नका. आइसमेकर नसलेल्या मॉडेलांत कधी कधी वापरात नसलेली तारांची जोडी त्याच वाटेने गेलेली असते, ती कामी येते.

कार्डावर व्होल्टेज मोजून कळतं का?

कळतं. पण त्यासाठी फ्रीज चालू ठेवावा लागतो आणि त्याच कार्डावर २३० व्होल्टही असतात. सवय नसेल तर हे मेकॅनिकवर सोडा. सेन्सरच्या दोन पिनांमध्ये ५ व्होल्टच्या कार्डावर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्ट दिसतात. पूर्ण ५ दिसले तर वाट तुटली आहे, शून्य दिसले तर दोन तारा चिकटल्या आहेत किंवा कार्डाकडून पुरवठाच नाही. शेवटचे दोन वेगळे करायचे तर प्लग सोडवा. ५ व्होल्ट परत आले तर कार्ड बरं आहे.

फ्रीजरच्या मागे बर्फाची भिंत तयार होते आणि खाली गारवाच उतरत नाही. हा सेन्सर का?

असू शकतो, पण इथे तीन आरोपी असतात: डीफ्रॉस्ट सेन्सर, हीटर आणि थर्मल फ्यूज.

फ्रॉस्ट-फ्री फ्रीज दर काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून कॉइलखालचा हीटर लावतो. कॉइल शून्याच्या बरीच वर, बहुतेक मॉडेलांत दहा-बारा अंशांच्या आसपास आली, की डीफ्रॉस्ट सेन्सरच्या सांगण्यावरून हीटर बंद होतो. सेन्सर ‘गरम झालं’ असं लवकर सांगत असेल तर हीटर दोन-चार मिनिटांतच बंद होतो आणि बर्फ अर्धवट राहतो. प्रत्येक फेरीत थोडा थोडा साचून आठवडाभरात हवेची वाट बंद होते. उलट, सेन्सर कायम ‘अजून गारच आहे’ असं सांगत असेल तर हीटर कमाल वेळेपर्यंत तापत राहतो. मग संरक्षणासाठी लावलेला थर्मल फ्यूज उडतो, आणि तो एकदा उडाला की परत जुळत नाही. म्हणून फ्यूज बदलून काम संपवू नका. तो का उडाला हे शोधलं नाही तर नवाही उडेल.

हीटरचा रोध मोजणं सोपं आहे. ५३,००० ला हीटरवर छापलेल्या वॅटने भागा. १५० वॅटचा असेल तर ३५० ओहमच्या आसपास, २०० वॅटचा असेल तर २६५ च्या आसपास. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर किंवा त्याच्या ओळीतला फ्यूज तुटला आहे.

बर्फाचा आकारही बोलतो. सगळ्या कॉइलवर सारखा जाड बर्फ असेल तर दोष डीफ्रॉस्टचा. कॉइलच्या सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच पांढरं असेल आणि बाकीची कोरडी असेल, तर गॅस कमी आहे. तिथे सेन्सर बदलून उपयोग नाही.

हा बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. कॉइल ॲल्युमिनियमची असते, एक टोचा बसला की गॅस गेला. फ्रीज बंद करा, दारं उघडी ठेवा, आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, खाली जुने टॉवेल अंथरा. पूर्ण वितळायला आठ-दहा तास द्या, निचऱ्याच्या भोकातला बर्फही त्यातच निघतो.

नवा सेन्सर घेताना काय पाहायचं?

शक्यतो मॉडेल नंबरवरून मूळ भागच मागवा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ सुटे थर्मिस्टर मिळतात. पण ‘फ्रीजचा सेन्सर द्या’ एवढं सांगून आणलेला भाग चुकीचा निघण्याची शक्यता मोठी. दुकानात जाण्याआधी जुन्याचा बर्फातला आकडा कागदावर लिहून न्या. जुना पूर्ण मेलेला असेल तर त्याच फ्रीजमधला दुसरा सेन्सर मोजा. मात्र काही मॉडेलांत फ्रीजरचा आणि खालचा सेन्सर वेगवेगळ्या मूल्यांचे असतात, तेव्हा हा आधार डोळे झाकून घेऊ नये.

टोपणाचा आकारही महत्त्वाचा. डीफ्रॉस्ट सेन्सर नळीच्या क्लिपमध्ये घट्ट बसला नाही तर तो नळीऐवजी हवा मोजतो.

जोड कसा द्यायचा?

थर्मिस्टरला अधिक-उणे नसतं, कोणतीही तार कोणालाही जोडली तरी चालते. दोन जोड एकमेकांसमोर येऊ नयेत म्हणून एक तार दोन-तीन सेंटिमीटर लांब कापा. सोल्डर करा किंवा आत जेल असलेले क्रिंप कनेक्टर वापरा. वरून आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळी चढवा. इन्शुलेशन टेप चालत नाही, गारठ्यात त्याचा डिंक सुटतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तक्रार परत येते. सिलिकॉन लावायचं तर व्हिनेगरसारखा वास न येणारं, न्यूट्रल जातीचं घ्या. आंबट वासाचं सिलिकॉन तांब्याला खातं. तारेला टोपणाच्या खाली एक झोळ द्या, म्हणजे ओघळणारं पाणी टोपणाकडे न जाता झोळावरून ठिबकेल.

एक इशारा. कॉम्प्रेसरजवळच्या स्टिकरवर आर-६००ए लिहिलं असेल आणि ज्वाळेचं चिन्ह असेल, तर आतला गॅस ज्वलनशील आयसोब्युटेन आहे. अशा फ्रीजच्या आत लायटर, हीट-गन किंवा तापलेली सोल्डरिंग आयर्न नेऊ नका. तार बाहेर ओढून काम होत नसेल तर क्रिंपच करा.

मेकॅनिकने सेन्सर काढून तिथे साधा रेझिस्टर लावला. फ्रीज चालतो आहे. चालेल ना?

नाही. साधा रेझिस्टर तापमानाप्रमाणे बदलत नाही, कार्डाला तो कायम एकच गोष्ट सांगतो. कप्प्याच्या सेन्सरच्या जागी लावला तर कॉम्प्रेसर एकतर थांबत नाही किंवा सुरूच होत नाही. डीफ्रॉस्टच्या जागी लावला तर हीटर एकतर लागत नाही किंवा प्रत्येक फेरीत कमाल वेळ तापतो. भाग येईपर्यंत दोन दिवस काढायची ती युक्ती आहे, दुरुस्ती नव्हे. कार्डचा दोष शोधताना मात्र तिचा खरा उपयोग होतो. सेन्सरच्या जागी १० किलोओहमचा रेझिस्टर लावल्यावर कोड गेला, तर कार्ड चांगलं आहे.

‘पीसीबी बदलावी लागेल’ असं सांगितलंय. विश्वास ठेवायचा का?

आधी आकडे मागा: सेन्सरचा बर्फातला रोध किती, कार्डाच्या टोकाकडचा किती, रेझिस्टर लावून पाहिला का. सेन्सर शेकड्यांत येतो, कार्ड हजारांत, त्यामुळे एवढं विचारणं तुमचा हक्क आहे. कार्ड खरंच गेल्याची एक ठळक खूण म्हणजे दोन-तीन सेन्सरचे कोड एकाच वेळी येणं. तीन सेन्सर एका दिवशी मरत नाहीत. तेव्हा कार्डाचा ५ व्होल्टचा पुरवठा किंवा मुख्य प्लग पाहावा. त्यातही कार्डावर मुंग्या, झुरळं किंवा पालीची अंडी नाहीत ना, हे आधी बघा. काढलेला जुना भाग परत मागा आणि वॉरंटी चालू असेल तर स्वतः तार कापू नका.

आमचा सिंगल डोअर आहे, गोल नॉबवाला. त्यात सेन्सर कुठे?

बहुतेक अशा फ्रीजमध्ये इलेक्ट्रॉनिक सेन्सर नसतोच. नॉबमागे थर्मोस्टॅट असतो आणि त्यातून निघालेली केसासारखी बारीक नळी फ्रीजरच्या पत्र्याला चिकटवलेली असते. ती सुटून लोंबत असेल तर कॉम्प्रेसर थांबत नाही, परत क्लिपमध्ये बसवली की काम झालं. ती मुडपून तुटली असेल तर थर्मोस्टॅट बदलावा.

जुन्या फ्रॉस्ट-फ्रीमध्ये सेन्सरऐवजी टायमर आणि बायमेटल, म्हणजे तापमानाप्रमाणे जुळणारा-तुटणारा धातूचा स्विच, असतो. बायमेटल खोलीच्या तापमानाला तुटलेलाच दिसतो, तो शून्याच्या बराच खाली गेल्यावर जोडला जातो. टेबलावर मोजून त्याला मृत ठरवू नका.

सेन्सर बदलल्यावर फरक कधी कळेल?

चोवीस तासांनी. मधल्या फळीवर पाण्याने भरलेला पेला ठेवा आणि त्यात थर्मामीटर सोडा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं नाही. दुसऱ्या दिवशी पाणी ३ ते ५ अंशांत असावं आणि फ्रीजर उणे १८ च्या आसपास. डीफ्रॉस्टचं काम केलं असेल तर आठवड्याने मागची जाळी पाहा, तिथे पांढरा थर दिसू नये. या काळात गरम पातेली आत ठेवू नका आणि हवेच्या झरोक्यासमोर काही रचू नका. गणपतीत मोदक-श्रीखंडाने झरोका झाकला गेला तरी ‘सेन्सर परत गेला’ अशीच तक्रार येते.